नक्षी आणि जमीन
(सोलापूर येथे कलाशाखेच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विद्यार्थी मित्रहो, आजचा विषय ‘दृश्यसंकल्पनाची मूलतत्त्वे’ असा आहे. रेषा, आकार, रंग, छटा, पोत आणि अवकाश ही नावे एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या तयारीपासून तुम्हां सर्वांना पाठ असतील, म्हणून त्यांच्या व्याख्या मी सांगत बसणार नाही. या यादीत सर्वांत शेवटी येणाऱ्या अवकाशावर, म्हणजे आकारांभोवतीच्या आणि त्यांच्यामधल्या जागेवर, आपल्या शिकवण्यात मोठा अन्याय होतो, असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे. तो सोलापुरात व्हावा याचे अधिक वाईट वाटते, कारण अवकाश म्हणजे काय, हे या गावातल्या घराघरांत घडी घालून ठेवलेले आहे.

ही चादर मी घरून आणली आहे. या बाजूला तांबड्या जमिनीवर पांढरा मोर दिसतो. आता मी ती उलटतो, आणि पाहा, मोर तांबडा झाला, जमीन पांढरी झाली. दोन रंगांचे धागे नक्षीबरहुकूम वरखाली होत एकमेकांशी जागा बदलतात, त्यामुळे एका बाजूला जो धागा लपतो तोच दुसऱ्या बाजूला दिसतो. विणकराच्या लेखी जमीन म्हणजे नक्षी काढून झाल्यावर उरलेली जागा नव्हे; तीही मोराइतकीच धाग्याधाग्याने विणावी लागते. डेन्मार्कचे मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांनी १९१५ मध्ये याच नक्षी-जमिनीच्या, म्हणजे आकृती आणि पार्श्वभूमी यांच्या, नात्यावर प्रबंध लिहिला. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे चित्र तुम्ही पाहिले असेल. त्यात एकदा फुलदाणी दिसते आणि एकदा समोरासमोरचे दोन चेहरे, पण दोन्ही एकाच वेळी दिसत नाहीत.

माझे वडील चादरींचे ग्राफ भरत असत. बारीक चौकटींचा मोठा कागद, तांबड्या रंगाची वाटी आणि टोक झिजलेला ब्रश घेऊन ते खिडकीशी बसत. भरलेला चौकोन म्हणजे मागाला लावायच्या पुठ्ठ्यावर भोक, कोरा चौकोन म्हणजे भोक नाही. फ्रान्सच्या जोसेफ मारी जकार यांच्या १८०४ सालच्या नक्षी विणण्याच्या यंत्राचे तत्त्व तेच आहे: भोक असेल तेथे सुई आत शिरते आणि तिच्या हुकाला जोडलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, भोक नसेल तेथे तो खालीच राहतो. न पाडलेले भोकही पाडलेल्या भोकाइतकेच काम करते, हे मी चित्रकलेच्या वर्गात जाण्याआधी त्या खिडकीशी शिकलो.

पुढे शाळेत संकल्पचित्राच्या सरावासाठी मी एक मोर काढला आणि त्याच्याभोवतीची जागा मुद्दाम सपाट पिवळी ठेवली. पिसाऱ्याच्या कडेने त्या पिवळ्याचे जे आकार होत होते, ते मी तीन दिवस खपून जुळवले होते. कागद परत आला तेव्हा त्यावर लाल शाईत लिहिले होते, ‘पार्श्वभूमी रिकामी, काम अपूर्ण’. मी मुकाट्याने ती जागा पाने, ठिपके आणि वेलबुट्टीने भरली आणि मला चांगले गुण मिळाले. वडिलांनी तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि एवढेच विचारले, “याची जमीन कुठं गेली?” तो शेरा आजही मला बोचतो, कारण तसेच शेरे तुमच्या पिढीच्या कागदांवरही मला दिसतात, आणि चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर एकही वीतभर जागा मोकळी न ठेवणारे हात त्याच शिकवणीतून तयार होतात.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे आणि संयोजनाची तत्त्वे अजून बाकी आहेत, तेव्हा ती भरभर सांगतो. तोल म्हणजे दोन बाजूंना सारख्याच वस्तू मांडणे नव्हे. एका बाजूचा लहान गडद आकार दुसऱ्या बाजूच्या मोठ्या फिक्या जागेला तोलून धरू शकतो. लय पुनरावृत्तीतून येते, पण मधल्या अंतराशिवाय पुनरावृत्ती जाणवतच नाही. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, ओळीने निघतात, तेव्हा त्यांच्यामधली जागाच डोळ्याला पुढे नेते. विरोधासाठी, म्हणजे दोन भाग एकमेकांपासून उठून दिसावेत यासाठी, केवळ रंगावर विसंबू नका. तांबडा आणि हिरवा एकाच छटेचे, म्हणजे सारखेच गडद किंवा फिके, असतील, तर कृष्णधवल छायाचित्रात ते जवळजवळ एकच दिसतात, म्हणून आधी छटा तपासा.

प्राधान्य म्हणजे नजर प्रथम कोठे जावी याचा निर्णय, आणि तो एकच असावा. प्रमाण ठरवताना पाहणारा किती अंतरावर उभा आहे, हे आधी विचारा. ऐक्य कसे साधते, हे देवनागरीत पाहा: शिरोरेषा अक्षरांना बांधते म्हणून शब्द होतो, आणि ती जेथे तुटते त्या मोकळ्या जागेमुळेच पुढचा शब्द वेगळा वाचता येतो.

आज घरी गेल्यावर एक चादर पसरा आणि तिच्यावरच्या एका फुलाभोवतीची फक्त जमीन रंगवा. फुलाची बाह्यरेषा काढायची नाही, पेन्सिलीनेसुद्धा नाही. कागद तुमच्या सरांकडे द्या. पुढच्या आठवड्यात मी येईन तेव्हा आपण ते याच भिंतीवर लावून पाहू.