बदनिनीच्या सुया

(माहितीपटाचं निवेदन)

मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्याचा हा बैगाचक भाग. इथल्या बैगा या आदिवासी समाजातल्या बाईची ओळख तिच्या अंगावरच्या गोदन्यावरून, म्हणजे गोंदणावरून पटते, पण गोदना करणारे हात बैगांचे नसतात. ते बादी समाजातल्या बायकांचे. त्यांना बदनिन म्हणतात. बैगा कलेबद्दल एवढं लिहिलं-बोललं जातं, त्यात बदनिन क्वचितच येते.

आधी काजळ. चुलीवर भाजले जातायत ते रामतीळ, आपल्याकडे ज्याची चटणी होते ते कारळे. भाजून, कुटून त्यांचा गोळा पेटवायचा आणि धूर वर उपड्या घातलेल्या मडक्यात धरायचा. आत साठलेली काजळी खरवडून पाण्यात घोटायची. पातळ झाली तर रेघ फिकी उठते, तेलकट राहिली तर कातडी तिला धरत नाही. म्हणून हे घोटणं इतका वेळ चालतं.

आता बांबूची काडी. तिनं आधी कातडीवर नमुना रेखायचा. त्याला कागद नाही, ठसा नाही. रेघांमधलं अंतर नजरेनं ठरतं. मग दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या सुया. टोकं एका पातळीत हवीत. एक जरी पुढे आली तरी ती खोल रुतते, बाकीच्या नुसत्या ओरखडतात आणि रेघ तुटक येते.

बदनिनीचा डावा हात पाहा, कातडी ताणून धरलेला. ताण सुटला की रेघ वाकडी. सुई एक ते दोन मिलिमीटर आत जायला हवी. त्याहून वर राहिली तर काजळी झडत्या कातडीबरोबर निघून जाते. फार खोल गेली तर पसरते. काजळी काळीच असते, पण बरं झाल्यावर कातडीतून ती हिरवट-निळी दिसते.

(निवेदन थांबेल. मूळ आवाज.)

शेणाच्या पाण्यानं धुऊन वर रामतिळाचं तेल आणि हळद, ही इथली रीत. जखमेसाठी मात्र उकळून गार केलेलं स्वच्छ पाणीच बरं. शेणातून धनुर्वाताचे जंतू जाऊ शकतात. पावसाळ्यात गोदना करत नाहीत. ओलीत जखम चिघळते आणि पुवाबरोबर काजळीही वाहून जाते. खपली मात्र आपोआप पडू द्यायची.

कपाळाचा गोदना सर्वात आधी, साधारण आठव्या वर्षी. हात, पाय, पाठ पुढे टप्प्याटप्प्यानं. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोदना सोबत येतो, असं बैगा मानतात. बदनिनीला मोबदला धान्यात, लुगड्यात किंवा पैशात.

त्याच सुया दुसरीला वापरल्या तर कावीळ बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो; दर वेळी नव्या सुया हव्यात. शाळेत जाणाऱ्या कितीतरी मुली आता कपाळाला नाही म्हणतात, आणि तो त्यांचा हक्क आहे.

हेच नमुने आता कागदावर आणि कापडावरही विकले जातात. खाली 'बैगा कला' अशी चिठ्ठी असते. तिथे बादी बायकांचंही नाव यायला हवं.