आई इकडे, बाप तिकडे: ३८० किलोमीटरची गोष्ट

(नकाशावरून बोट वर सरकतं)

कॅनडाच्या नकाशावर बोट वर वर नेत राहा. मुख्य भूमी संपते, बेटं लागतात, आणि पार वरच्या टोकाकडे दोन छोट्या गावांचे ठिपके सापडतात. डावीकडे कॉर्नवॉलिस बेटावरचं रेझोल्यूट. उजवीकडे एल्समियर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ग्रीस फिओर्ड. मर्केटर पद्धतीच्या नकाशात पाहिलं तर वाटतं, मध्ये दीड हजार किलोमीटर तरी असतील. हा नकाशा ध्रुवाकडचा भाग ताणून दाखवतो, इथे तर जवळजवळ चौपट. प्रत्यक्षात हवाई अंतर साधारण ३८० किलोमीटर.

(विमानाचा आवाज)

रस्ता नाही. मध्ये समुद्र, तोही वर्षातले बहुतेक महिने गोठलेला. सामानाचं जहाज येतं ते उन्हाळ्यात. एरवी सगळी भिस्त ट्विन ऑटरवर. दोन पंख्यांचं छोटं विमान, फार तर १९ आसनांचं. माल जास्त असला की आसनंही काढून ठेवतात. वाटेत सव्वा-दीड तास जातो. अवघड आहे ते उतरणं. ग्रीस फिओर्डची धावपट्टी खडीची आणि आखूड. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. वारा सुटला किंवा ढग खाली आले, की विमान येत नाही. मग उद्या. नाहीतर परवा.

ग्रीस फिओर्डमध्ये माणसं दीडशेच्या आत. आरोग्य केंद्र आहे, रुग्णालय नाही. बाळंतपणासाठी बाईला दिवस भरायच्या कितीतरी आठवडे आधी घर सोडावं लागतं, आणि रेझोल्यूट हा तिच्या प्रवासाचा फक्त पहिला टप्पा असतो.

(जुनी छायाचित्रं)

या दोन गावांतली इनुइट, म्हणजे आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांची, कुटुंबं इथे आपण होऊन आलेली नाहीत. १९५३ आणि १९५५ मध्ये कॅनडा सरकारनं त्यांना आणलं. बहुतेक जण क्वेबेकमधल्या इनुकजुआकचे, सुमारे २००० किलोमीटर दक्षिणेकडचे. तिकडे शिकार भरपूर आहे, नाही रुचलं तर दोन वर्षांनी परत आणू, असं सांगितलं होतं. तो शब्द पाळला गेला नाही. जहाजावर असतानाच त्यांना कळलं की सगळे एका जागी उतरणार नाहीत. काही कुटुंबं एल्समियरला, काही रेझोल्यूटला. नात्यातली माणसं तिथेच एकमेकांपासून तुटली. पहिला हिवाळा त्यांनी तंबूत काढला, आणि नोव्हेंबरमध्ये मावळलेला सूर्य तिथे फेब्रुवारीपर्यंत उगवत नाही.

सरकारनं माफी मागितली ती १८ ऑगस्ट २०१० रोजी. सत्तावन्न वर्षांनी.

(दगडी शिल्पं, एकामागून एक)

त्याच वर्षी दोन्ही गावांत स्मारकं उभी राहिली. ग्रीस फिओर्डमधलं लूटी पिजामिनी यांनी घडवलेलं: एक बाई, तिच्याजवळ लहान मुलगा आणि कुत्रा. ती रेझोल्यूटच्या दिशेला बघते आहे. रेझोल्यूटमधलं सिमिओनी अमागोआलिक यांचं: एकटा पुरुष. त्याचं तोंड ग्रीस फिओर्डकडे आहे.