मधल्या अक्षराला गिऱ्हाईक नाही

(वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषण, किंचित संपादित.)

मंडळी, हे टेबलावरचं डबडं मोबाइलसारखं दिसत असलं तरी मोबाइल नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र आहे. मघाशी बाहेर जिन्यात 440 दाखवत होतं, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 440 भाग. आत्ता 910 दाखवतंय. पहिल्या रांगेतल्या या ताईंकडे देऊन ठेवतो. मी विचारलं की आकडा मोठ्याने वाचायचा. मधेच डुलकी लागली तर दोष माझ्या भाषणाचा की हवेचा, ते शेवटी ठरवू.

पत्रिकेवर विषय छापलाय 'वातानुकूलन यंत्रांची बाजारपेठ'. आमच्या धंद्याचं इंग्रजी नाव एचव्हीएसी. एच म्हणजे हीटिंग. डोंबिवलीत त्याचं काय करायचं? आपला एच म्हणजे बाथरूममधला गीझर आणि जानेवारीत आठ दिवस डांबरगोळ्यांचा वास घेऊन हिंडणारा स्वेटर. शेवटचं एसी सगळ्यांनाच माहीत आहे. मधला व्ही म्हणजे व्हेंटिलेशन, वायुवीजन. मला बोलायचंय त्या व्हीबद्दल. पस्तीस वर्षं धंदा केला, पण 'साहेब, घरात ताजी हवा येईल असं काहीतरी द्या' म्हणत दुकानात आलेलं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही. व्हेंटिलेटर म्हटलं की आता आपल्याला अतिदक्षता विभाग आठवतो. आमच्या लहानपणी तो दारावर असायचा आणि त्यात चिमण्यांचं घरटं असायचं.

गिऱ्हाईक काय मागतं? टन. 'दीड टनाचा दाखवा.' एका आजोबांनी मला विचारलं होतं, दीड टनाचं वजन आमची भिंत पेलेल का? हसू नका, प्रश्न रास्त होता. टन हे वजनच आहे, पण बर्फाचं. अमेरिकन टनभर, म्हणजे साधारण 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी शोषणारं यंत्र एक टनाचं. आजच्या हिशेबात साडेतीन किलोवॅट. यंत्रं येण्याआधी गारवा बर्फातूनच मिळायचा. मुंबईतही बोस्टनचा बर्फ जहाजाने यायचा, 1830 च्या दशकात. जमशेटजी जीजीभॉय यांनी त्या बर्फाचं आइस्क्रीम मेजवानीत वाढलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्सा सांगतात. म्हणजे 'तुमच्या त्या एसीनं मला सर्दी होते' ही घरोघरची तक्रार एसीपेक्षा जुनी आहे. कॅरियरसाहेबांनी 1902 साली ब्रुकलिनमध्ये पहिलं आधुनिक वातानुकूलन बसवलं तेही माणसांसाठी नव्हे. छापखान्यातला कागद दमटपणाने फुगायचा, रंग एकावर एक नीट बसत नसत, म्हणून. माणसांचा नंबर पुढे लागला.

ताई, आकडा? 1,240. बरं.

आता माझ्या घरची गोष्ट. दिव्याखाली अंधार म्हणजे काय ते ऐका. निवृत्त झाल्यावर बेडरूमला नवा एसी घेतला. कंपनीचं नाव सांगणार नाही, कारण जी सांगेन तिची तक्रार इथल्या निम्म्या लोकांकडे असेल. दीड टन, इन्व्हर्टर, पाच तारे. बसवायला दोन मुलं आली आणि चाळीस मिनिटांत मोकळी झाली. मी तेव्हा भाचीच्या लग्नात होतो, घरी फक्त सौ. होत्या. पहिला उन्हाळा झक्क गेला. दुसऱ्या एप्रिलमध्ये हवा गार येईना. मेकॅनिक आला, गेज लावलं आणि म्हणाला, 'गॅस संपलाय.' सौ.नी तीन हजार दिले. तिसऱ्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच. चौथ्या एप्रिलमध्ये सौ. मला म्हणाल्या, 'गॅस सिलिंडरचं जसं बुकिंग करतो तसं याचंही लावून टाका ना.'

तेव्हा मी जागा झालो. मंडळी, एवढं एक वाक्य घरी घेऊन जा: एसीतला गॅस संपत नसतो. तो पेट्रोल नव्हे. बंद नळीत तोच पाऊण-एक किलो गॅस यंत्राच्या जन्मभर गोल फिरतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठाला रोज पाणी.

मी साबणाचा फेस केला. सौ.चाच भांड्यांचा साबण, ब्रशही त्यांचाच, त्यावरून वेगळं बोलणं खाल्लं. इनडोरच्या मागे, जिथे तांब्याच्या नळीचं तोंड पसरवून पितळी नट आवळतात, तिथे फेस लावला आणि टॉर्च धरून बसलो. दीड मिनिट काही नाही. मग मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. त्याच्या जागी दुसरा. माझे सहा हजार रुपये असे मोहरी-मोहरीने गेले होते. नळीचं पसरवलेलं तोंड एका बाजूला चिरलं होतं, नट तसाच जोर लावून आवळला होता.

पुढच्या वेळी आला तो मुलगा योगायोगाने पहिल्यांदा एसी बसवून गेलेल्यांपैकीच. मी त्याला फैलावर घ्यायच्या तयारीत. विचारलं, 'बसवताना नायट्रोजन भरून प्रेशर तपासलं होतंस? व्हॅक्यूम पंप लावला होतास?' नायट्रोजनचा दाब टिकला की गळती नाही हे कळतं. पंप लावून नळीतली हवा आणि ओल काढावी लागते, नाहीतर कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं. तो शांतपणे म्हणाला, 'काका, पंप लावला तर एका घराला दीड तास जातो. सीझनला दिवसाला आठ घरं मारावी लागतात. पैसे घरावर मिळतात, तासावर नाही.' मग तो आउटडोर बघायला खिडकीबाहेरच्या छज्जावर उतरला. सातवा मजला. कमरेला पट्टा नाही, एक हात खिडकीच्या गजाला. माझा फैलाव तिथेच आवरला. आत आल्यावर सौ.नी त्याला पन्हं दिलं. मी त्याच्याकडून दोन्ही तोंडं नव्याने करून घेतली, नायट्रोजन भरून अर्धा तास काटा बघत बसलो. त्याला एका घराचे पैसे जास्तीचे दिले. एसी आजही चालू आहे, गॅसला हात लागलेला नाही.

हे लांबलं, पण मुद्दा यातच आहे. खोक्यावरचे पाच तारे प्रयोगशाळेतले. वर्षाला 1,600 तास, 24 ते 43 अंशांतलं बाहेरचं तापमान असं गृहीत धरून काढलेले, आणि पूर्ण गॅस भरलेल्या यंत्राचे. माझ्या भिंतीवरचं यंत्र तीन उन्हाळे बिलात पाच तारे दाखवत नव्हतं. आपण टन मोजून घेतो, तारे मोजून घेतो. चिरलेलं तोंड मोजायची सोय लेबलावर नाही, म्हणून त्याला भाव नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. पुढच्या वक्त्यांची माफी मागून व्हीकडे वळतो. ताई? 1,780. बघा, मी काही करत नाहीये, फक्त बोलतोय. अर्थात तुम्ही सगळे श्वास घेताय, त्यात तुमचाही वाटा आहे.

भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा फिरवतो, गार करतो, थोडी कोरडी करतो. जुन्या विंडो एसीला व्हेंटची एक पट्टी असायची, ओढली की थोडी हवा बदलायची. कुणी ओढायचं नाही, मग विंडोच मागे पडला आणि पट्टीही गेली. आता आपण दार लावतो, खिडक्यांना रबर लावतो आणि रात्रभर आपलाच उच्छ्वास गार करून पुन्हा घेतो. आमच्या बेडरूममध्ये हे डबडं ठेवलं होतं. रात्री अकराला 620, सकाळी सहाला 2,350. एसी बावीसवर, झोप सात तास, तरी डोकं जड. सौ. म्हणाल्या, वय झालं. मी म्हटलं, खिडकी दोन बोटं उघडी ठेवून बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी 900. वयही जरा उतरलं.

मग याला बाजार का नाही? एक तर बिल्डर यंत्र घेतो, राहतं दुसरंच कुणी. दुसरं, आपल्याकडची बाहेरची हवा दमट. ती आत घेतली की तिच्यातलं पाणी काढायला वीज लागते, म्हणजे कमी बिलाचं आश्वासन देऊन टन विकणाऱ्यालाच ती अडचणीची. बाहेर जाणाऱ्या गार हवेकडून आत येणाऱ्या गरम हवेला गारवा देणारी यंत्रं आहेत, एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर म्हणतात, पण ती मोठ्या ऑफिसांत. आपल्या घराला ठरावीक वेळाने चालणारा दोन हजारांच्या आतला एक्झॉस्ट फॅन आणि समोर आत हवा यायला फट, एवढं पुष्कळ झालं. रस्त्यालगत राहणाऱ्यांनी फटीला जाळी-फिल्टर लावावा. 2020 च्या एप्रिलमध्ये आमच्या व्यवसायाच्या संस्थेने, इशरेने, मार्गदर्शक सूचना काढल्या: एसी 24 ते 30 अंशांवर ठेवा, खिडकी थोडी उघडी ठेवा. तेव्हा लोकांनी ऐकलं. भीती गेली आणि खिडकी बंद झाली. सप्टेंबर 2025 मध्ये एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला तेव्हा मला फोनवर फोन, 'आता घेऊ का?' एकानेही विचारलं नाही की हवा कुठून येणार.

माझं म्हणणं एवढंच होतं की लिफ्टमध्ये 'सहा व्यक्ती' लिहितात, तसा शाळेच्या, क्लासच्या, अशा सभागृहाच्या दारावर माणसांचा आकडा लिहावा, आणि आत हे डबडं टांगावं. त्याचा हिशेब मी करून आणला होता, तो राहिला. अध्यक्ष उठलेच आहेत.

ताई, शेवटचा? 2,180. बघा, मागच्या रांगेत तिघांचे डोळे मिटलेत. त्या पडद्यामागे खिडकी आहे. हो, तीच. बोल्ट गंजलाय, मघाशी मी पाहिलाय. जरा खालून जोर लावा.