हरूनही पुन्हा खेळावेसे का वाटते?

नमस्कार. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या कोणाच्याही मागे उभे राहून अर्धा तास नुसते पाहिले, तरी एक गोष्ट चटकन लक्षात येते: हा माणूस बहुतेक वेळ हरत असतो. तो दरीत पडतो, गोळी लागून मरतो, शर्यतीत मागे राहतो, आणि कपाळाला आठ्या घालून, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत, पुन्हा तेच करायला लागतो. त्या चेहऱ्यावर आनंद म्हणावा असे फारसे काही दिसत नाही. तरीही त्याला उठवायला गेलात, तर 'थांब, एवढे एकदा' हेच उत्तर मिळते. खेळायला मजा येते असे सगळेच सांगतात. ही मजा नेमकी कशाची असते, हा आजच्या व्हिडिओचा विषय आहे.

यावर दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले असे की, गेम ही रोजच्या कटकटींपासूनची पळवाट आहे. त्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण ज्याला फक्त पळायचे आहे तो सोप्या जागी पळेल. तो एकाच बॉसकडून, म्हणजे गेममधल्या एखाद्या बलाढ्य शत्रूकडून, वीस-पंचवीस वेळा मार खायला कशाला जाईल? दुसरे उत्तर डोपामिनचे, म्हणजे मेंदूत स्रवणाऱ्या एका रसायनाचे. १९९८ साली लंडनमधील संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, ज्यात आठ जणांना रणगाडा चालवण्याचा एक गेम खेळायला देऊन त्यांच्या मेंदूचे पेट (PET) स्कॅन घेण्यात आले आणि खेळताना डोपामिन अधिक स्रवते असे दिसून आले. प्रयोग महत्त्वाचा आहे, पण त्याचा वापर मात्र बराच आळशीपणाने केला जातो. डोपामिन कोणत्याही मन लावून केलेल्या कामात आपली भूमिका बजावत असते, त्यामुळे 'डोपामिन स्रवते म्हणून मजा येते' एवढ्यावर थांबलो, तर या गेममध्ये मजा येते आणि त्या गेममध्ये का येत नाही, या प्रश्नाला आपण हातही लावलेला नसतो.

माझे म्हणणे असे आहे की, गेमची मजा जिंकण्यात कमी असते आणि आपण सुधारत आहोत हे डोळ्यांदेखत दिसण्यात जास्त असते. हे पडताळायचे असेल, तर ज्यात जिंकणे मुळात नाहीच असा गेम घ्यावा.

[पडद्यावर: टेट्रिसचा रिकामा फलक, वरून पडणारा पहिला ठोकळा]

टेट्रिस हा गेम अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोमध्ये तयार केला. त्यात कथा नाही, नायक नाही, आणि मूळ रूपात शेवटही नाही. सात आकारांचे ठोकळे वरून पडत राहतात, आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते, वेग वाढत जातो आणि केव्हा तरी फलक भरून आपण हरतो. प्रत्येक खेळाचा शेवट हरण्यातच होतो. तरीही पहिल्या दिवशीचा खेळाडू आणि महिन्याभरानंतरचा तोच खेळाडू यांच्यात काय बदललेले असते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. नवखा माणूस ठोकळा पडू लागल्यावर तो कुठे ठेवावा याचा विचार सुरू करतो, आणि विचार पुरा होण्याआधी ठोकळा नको तिथे जाऊन बसतो. काही दिवसांनी त्याची नजर चालू ठोकळ्यावरून उठून, पुढचा ठोकळा दाखवणाऱ्या चौकटीकडे जायला लागते. मग तो एका कडेचा उभा स्तंभ मुद्दाम मोकळा ठेवायला शिकतो. डावीकडे ढीग चढत असतो, धोका वाढत असतो, हवा असलेला लांब ठोकळा येता येत नाही. आणि तो आला की एका झटक्यात चार ओळी साफ होतात. त्या क्षणाला जे वाटते ते नशीब उघडल्यासारखे वाटणे नव्हे. आपण आखलेला बेत तडीस गेला, याचे ते समाधान असते.

हे शिकणे किती खोलवर चालते याचा एक पुरावा २००० साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना टेट्रिस खेळायला लावले, तेव्हा झोप लागता लागता अनेकांच्या डोळ्यांसमोर पडणारे ठोकळे तरळू लागले. त्या गटात स्मृतिभ्रंशाचे रुग्णही होते. आपण असा कोणता गेम खेळलो हेच ज्यांना आठवत नव्हते, त्यांच्यापैकी काहींनाही तेच आकार दिसले. खेळ संपल्यावरही मेंदू तो प्रश्न सोडवत बसलेला होता.

१९८९ सालच्या निन्टेन्डोच्या टेट्रिसची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. त्यात २९व्या लेव्हलपासून ठोकळा दर फ्रेमला, म्हणजे सेकंदाला सुमारे साठ वेळा बदलणाऱ्या पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, एक ओळ खाली येतो, म्हणजे वीस ओळींचा फलक सेकंदाच्या एक-तृतीयांश वेळात पार होतो. बटण दाबून धरल्यावर ठोकळा ज्या वेगाने सरकतो, त्या वेगाने तो कडेपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे हीच मानवी मर्यादा आहे असे अनेक वर्षे मानले गेले. मग काही खेळाडूंनी बटण थरथरत्या अंगठ्याने झपाट्याने दाबायला सुरुवात केली. पुढे तर अंगठा बटणावर नुसता टेकवून, दुसऱ्या हाताची बोटे कंट्रोलरच्या पाठीवर तबला वाजवल्यासारखी आपटण्याची पद्धत निघाली. डिसेंबर २०२३मध्ये तेरा वर्षांच्या एका अमेरिकन मुलाने हा गेम १५७व्या लेव्हलपर्यंत नेला आणि तिथे गेमच गोठला. खेळणाऱ्यांच्या पिढ्यांनी एकमेकांचे पाहून, शिकून गाठलेली ही जागा आहे, आणि तिथे पोहोचण्याचा आग्रह गेमने कोणाला केला नव्हता.

आता सुधारणा दिसायची असेल, तर आपण केलेल्या कृतीचे उत्तर लगेच आणि स्वच्छ मिळावे लागते. १९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये बटण किती वेळ दाबले त्यावर उडीची उंची ठरते आणि हवेत असतानाही दिशा थोडी वळवता येते. ऐकायला ही किरकोळ गोष्ट वाटते, पण उडी फसली तर नेमके काय चुकले हे त्यामुळे हाताला कळते. पहिल्या लेव्हलची सुरुवातही पाहण्यासारखी आहे: सूचनेचे एकही वाक्य नाही, उजवीकडून एक शत्रू चालत येतो, त्याला धडकलात तर मरता, पण नुकसान म्हणाल तर काही सेकंदांचे. पुढे ठोकळ्यातून निघालेला मशरूम नळाला आपटून मारिओकडेच परत येतो, त्यामुळे तो खाल्ल्यावर आपण मोठे होतो हा नियम बहुतेकांना आपोआप सापडतो. 'सापडतो' हे महत्त्वाचे. सांगितलेल्या नियमापेक्षा सापडलेला नियम माणसाला अधिक आपला वाटतो.

गंमत अशी की, हे उत्तर स्वच्छ वाटावे म्हणून गेम बनवणारे अनेकदा खेळाडूच्या बाजूने चक्क लबाडी करतात. २०१८ सालच्या 'सेलेस्ट'मध्ये कड्याच्या टोकावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडी मारता येते. वास्तवात खेळाडूने बटण उशिरा दाबलेले असते, पण 'मी वेळेवर दाबले होते' असे त्याला मनापासून वाटत असते, आणि गेम त्याचे म्हणणे मान्य करतो. 'फायर एम्ब्लेम' या जपानी मालिकेतील २००२पासूनच्या अनेक गेममध्ये वार लागण्याची शक्यता पडद्यावर ९० टक्के दिसत असेल, तर आतल्या हिशेबात ती सुमारे ९८ टक्के असते, कारण तिथे एका यादृच्छिक संख्येऐवजी दोन संख्यांची सरासरी घेतली जाते. नव्वद टक्के म्हणजे दहातून एकदा फसणार, हे गणित आपल्याला येते. पण तो एक वार फसला की, गेमने दगा दिला असेच मनाला वाटते. हरण्याचा दोष आपला आहे असे वाटले तर माणूस पुन्हा खेळतो, दोष गेमचा आहे असे वाटले तर कंट्रोलर आपटतो. त्यामुळे या लबाडीला मी तरी फसवणूक म्हणणार नाही.

हरण्याकडे आता नीट पाहू. फिनलंडमधील संशोधकांनी एका प्रयोगात, गोळ्यात बसलेल्या माकडाला अरुंद वाटेवरून घरंगळत नेण्याचा गेम लोकांना खेळायला देऊन त्यांच्या चेहऱ्याच्या स्नायूंची हालचाल मोजली. माकड कडेवरून खाली पडले की नाराजी उमटेल असा सर्वसाधारण अंदाज. प्रत्यक्षात आनंदाशी जोडलेल्या हालचाली दिसल्या. मात्र त्यानंतर स्वस्थ बसून आपल्या अपयशाचा निकाल पाहावा लागला, तेव्हा नाराजीच दिसली. पडण्यात आपला हात असेपर्यंत पडणेही खेळाचाच भाग वाटते. रोजच्या व्यवहारात चूक महाग पडते, तिचे परिणाम महिनोन् महिने रेंगाळतात आणि कित्येकदा नक्की काय चुकले हेही समजत नाही. गेममध्ये मात्र चूक स्वस्त असते, लगेच दिसते आणि सुधारायची संधी पुढच्याच क्षणी समोर उभी असते.

स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. २०११ सालच्या 'डार्क सोल्स'मध्ये मेल्यावर आपण जमवलेले सोल्स (म्हणजे त्या गेममधले चलन) मेल्या जागी पडून राहतात आणि तिथवर परत पोहोचलो तरच ते मिळतात. वाटेत पुन्हा मेलो तर कायमचे जातात. गमावण्यासारखे काहीतरी हातात असले की साधा जिनासुद्धा जपून उतरला जातो. मला विचाराल तर अवघड गेम आणि चांगला अवघड गेम यांतला फरक इथेच आहे: दुसऱ्या प्रकारात मरण्यापूर्वीच्या तीन सेकंदांत आपण काय करायला हवे होते, ते मरताना आपल्याला कळलेले असते.

अर्थात सगळेच काही असे झुंजायला येत नाहीत. एसेक्स विद्यापीठात शब्दांवर चालणारा बहुखेळाडू गेम उभा करणाऱ्यांपैकी एक असलेले रिचर्ड बार्टल यांनी १९९६ साली खेळाडूंचे चार प्रकार पत्त्यांच्या रंगांवरून सांगितले: गुण आणि बक्षिसे मिळवणारे म्हणजे चौकट, जग खोदून पाहणारे इस्पिक, गप्पांसाठी आलेले बदाम आणि इतरांना छळण्यात रमणारे किलवर. ही वाटणी त्या एका प्रकारच्या गेमवरून केलेली होती आणि प्रत्यक्षातला माणूस एका संध्याकाळीसुद्धा दोन-तीन रंग बदलतो, तरी तिचा उपयोग असा की, एकाच गेममध्ये दोघांना आलेली मजा एकच असेल हा समज तिने मोडला. 'माइनक्राफ्ट'मध्ये कोणी ड्रॅगन मारायला निघतो, तर कोणी एका डोंगरावर महिनाभर किल्ला बांधत बसतो. किल्ला बांधणाऱ्याला हरवणारे कोणीच नसते, पण कालच्या भिंतीपेक्षा आजची भिंत सरळ आली हे त्यालाही दिसत असते.

रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेळाडूच्या आनंदाचा संबंध तीन गरजांशी जोडला: आपल्याला काही जमते आहे ही जाणीव, निर्णय आपला आहे ही जाणीव आणि इतरांशी असलेले नाते. पहिल्या दोन्हींबद्दल आपण बोलतच आहोत. तिसरीबद्दल एवढेच म्हणेन की, सोबत खेळणाऱ्यांची मैत्री गप्पांपेक्षा कामाच्या वाटणीतून जुळते. पाच जणांच्या संघात एकाने मार झेलायचा, एकाने जखमी गड्याला सावरायचे, उरलेल्यांनी हल्ला करायचा असे ठरले की, ज्याचे खरे नावही ठाऊक नाही अशा माणसावर आपण विसंबून राहतो, आणि तो वेळेवर धावून आला की त्याचे कौतुक आपल्यालाच अधिक वाटते.

शेवटचा मुद्दा बक्षिसांचा, कारण इथे बरीच गल्लत होते. नाणी, पेट्या, चमकणारी पदके यांनी सुधारणेची खूण पटते तोवर ती खेळाच्या बाजूची असतात. पण पेटीत काय निघेल हे नशिबावर सोडले आणि ती पेटी पैशाने विकायला ठेवली, की तिथे कौशल्याला काही काम उरत नाही. बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसला की माणूस कळ दाबत राहतो, ही जुगाराच्या यंत्रामागची जुनीच युक्ती आहे. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ साली पैसे देऊन उघडायच्या अशा काही पेट्या तिथल्या कायद्यानुसार जुगार ठरवल्या, तो निर्णय मला योग्य वाटतो. रोज हजेरी लावली नाही तर साखळी तुटेल अशी भीती घालणारी बक्षिसे कायद्याच्या दृष्टीने निरुपद्रवी असतील, पण तीही याच घरातली. त्यांनी माणूस गेमकडे परत येतो हे खरे. फक्त अशा खेळाडूला आज का खेळतो आहेस असे विचारले, तर तो काल कुठे अडकला होता ते सांगत नाही, 'आजची हजेरी राहिली आहे' असे सांगतो.