डोंगराची उंची आणि मातीतले जिवाणू
(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, नाशिकहून त्र्यंबककडे किंवा साल्हेरकडे जाताना उंचीबरोबर झाडोरा बदलत जातो, हे आपण सगळेच पाहतो. १८०२ साली जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी अँडीजमधील चिंबोराझो पर्वतावर हेच बारकाईने टिपले आणि उंचीनुसार वनस्पतींचे पट्टे कसे लागतात ते पुढे चित्ररूपाने मांडले. मातीतल्या जिवाणूंनाही तोच नियम लागू असेल, असे मानण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. मात्र तो पडताळणे फार काळ शक्य झाले नाही, कारण मातीतले बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत. मातीतून थेट डीएनए काढून वाचता येऊ लागला, तेव्हा कुठे या प्रश्नाला हात घालता आला.

कोलोरॅडोतील रॉकी पर्वतावर ॲसिडोबॅक्टेरिया या जिवाणूंच्या गटाची विविधता उंचीबरोबर घटताना दिसली. जपानच्या फुजीवर जिवाणूंची विविधता मधल्या उंचीवर सर्वाधिक भरली. पेरूतील मानू राष्ट्रीय उद्यानात तर झाडे, पक्षी आणि वटवाघळे यांच्या प्रजाती वर जाताना कमी होत असूनही जिवाणूंच्या विविधतेत तसा कोणताच कल आढळला नाही. ही उत्तरे परस्परविरोधी वाटतात. पण माझ्या मते गफलत प्रश्नातच आहे. जिवाणूला उंची ठाऊक नसते. त्याला भिडतो तो मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप), ओलावा, तापमान आणि सेंद्रिय कर्ब, आणि हे घटक प्रत्येक डोंगरावर उंचीबरोबर एकाच रीतीने बदलत नाहीत.

यांत सामूचे वजन सर्वांत जास्त. बहुतेक जिवाणूंच्या पेशीचा आतला सामू उदासीन पातळीच्या आसपास असतो, त्यामुळे भोवतालची माती फार आम्लधर्मी झाली की तो टिकवण्यातच त्यांची ऊर्जा खर्ची पडते. बुरशी हा ताण अधिक सोसते. चीनच्या चांगबाई पर्वतावरही जिवाणूंच्या समूहांतील फरकाशी उंचीपेक्षा सामूचाच संबंध अधिक घट्ट आढळला.

आता आपल्या डोंगरांकडे पाहू. साल्हेर १५६७ मीटर उंच आहे; दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश हा ढोबळ हिशेब धरला, तर नाशिक शहर आणि साल्हेरचा माथा यांच्या तापमानात सहाएक अंशांचा फरक पडतो. परंतु सह्याद्रीचा बेसॉल्ट पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. कड्याच्या पायथ्याशी गाळ साचून माती खोल होते, तर वरच्या कातळपठारावर ती जेमतेम बोटभर असते, पावसाळ्यात चिंब आणि उन्हाळ्यात करपलेली. त्यात इगतपुरीचा धो धो पाऊस मातीतले क्षार धुऊन नेतो, म्हणून ती आम्लधर्मी होते, आणि निफाडच्या कमी पावसाच्या काळ्या जमिनीत चुना टिकून राहतो. म्हणून इथे गुळगुळीत आलेख मिळण्याची अपेक्षा मी तरी धरणार नाही.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगेन की नमुना घेताना उंचीच्या आकड्यावर थांबू नका. वरचा पालापाचोळा बाजूला सारून पंधरा सेंटिमीटरपर्यंतची माती घ्या, ती थंड पेटीत ठेवा, आणि उताराची दिशा, मातीची खोली, जवळचे झाड व सामू त्याच वहीत लिहा. त्र्यंबक परिसरात भाताच्या रोपांसाठी राब (पालापाचोळा, फांद्या) भाजलेली जागा असेल, तर तीही नोंदवा, कारण राखेने सामू वाढतो आणि दहा पावलांवरच्या न भाजलेल्या जमिनीत वेगळेच जिवाणू सापडू शकतात.