छेदात कोण बसलंय?

मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘जनगणनेच्या आकड्यांवरून गावांची आणि तालुक्यांची तुलना’ असा छापलाय. त्याकडे येतोच, पण आधी एका आजींबद्दल सांगायचंय.

२०११ साली मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत प्रगणक होतो. मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी. हे काम केलेले बरेच शिक्षक इथे बसलेत, त्यांना ठाऊक आहे : तक्ता भरायला दहा मिनिटं आणि चहाला नको म्हणायला अर्धा तास! आजींनी नावं सांगितली. त्या स्वतः, सून, दोन नातवंडं. मग म्हणाल्या, “आता माझ्या पोराचं लिवा.”

पोरगा मुंबईला. गणपतीला येतो, शिमग्याला येतो. मी म्हटलं, आजी, मोजणीच्या दिवसांत तो इथे नाही, त्याची नोंद मुंबईत होणार. आजी उठल्या, आतून रेशनकार्ड आणलं आणि त्याच्या नावावर बोट टेकवलं. “ह्ये घर कुनाचं? हे माड कुनी लावले? आनि तुमी म्हनता त्यो हितला न्हाय?” सून दाराशी उभी राहून ऐकत होती, एक शब्द बोलली नाही. मी नाव लिहिलं नाही, नियमच तसा आहे. पण परतताना ते घर डोक्यातून जाईना.

कारण लिंग गुणोत्तर म्हणजे काय? दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती. पुरुष छेदात. आजींचा मुलगा रत्नागिरीच्या छेदातून उठला आणि मुंबईच्या छेदात जाऊन बसला. असे किती चाकरमानी, ते तुम्हीच आठवा. २०११ ला रत्नागिरीचं गुणोत्तर १,१२२ आणि मुंबई शहराचं ८३२ निघालं. पुढे एका बैठकीत मोठ्या पडद्यावर हाच १,१२२ दाखवून ‘इथे स्त्रीचा मान मोठा’ असं सांगितलं गेलं आणि टाळ्या पडल्या. मला ती दाराशी उभी असलेली सून दिसत होती. राग आला होता, अजून येतो. ज्या आकड्यात तिचं एकटेपण आहे, त्याला तिचा सन्मान कसं म्हणायचं?

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा मूळ विषय आता भराभर सांगतो.

स्थलांतराचा परिणाम बाजूला काढायचा तर शून्य ते सहा वयोगट बघा, लहान मुलं एकटी नोकरीला जात नाहीत. एकूण गुणोत्तर बीडचं ९१६, म्हणजे मुंबई शहरापेक्षा बरंच वर. बालकांचं घ्या : मुंबई शहर ९१४, बीड ८०७. क्रम उलटला! राज्याचं तेव्हा ८९४ होतं.

पण हेच एकेका गावाला लावू नका. दहा मुलगे, दहा मुली असतील तर १,०००. अकरा आणि नऊ झाले की ८१८. एका बाळाच्या फरकाने गाव बदनाम होतं. छोटी गावं एकत्र करा, तालुका धरा.

साक्षरतेचा दर सात वर्षं आणि त्यापुढच्यांवर काढतात, एकूण लोकसंख्येने भागून शेजारच्या गावाशी ताडू नका. हद्दी तपासा. २०११ च्या ठाणे जिल्ह्यात पालघर होतं, ते १ ऑगस्ट २०१४ ला वेगळं झालं. आणि जनगणना नगर म्हटलं की नगरपालिका असेल असं समजू नका. वस्ती किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि वर्षातले किमान सहा महिने काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, एवढं भरलं की ग्रामपंचायतीचं गावही शहरात मोजलं जातं. नळ, दिवाबत्ती, गटारं यांची तुलना करताना हे आधी बघा.

आपल्या जिल्ह्याची जनगणना पुस्तिका मागच्या टेबलावर ठेवली आहे. आपापलं गाव काढा, प्रश्न तिथेच घेऊ.