हजाऱ्यांचं कार्ड

नमस्कार श्रोतेहो.

क्रिकेटपटूंची कार्डं जमवण्याचा छंद आमच्या पिढीला लागला तो बबलगममुळे आणि ट्रम्प कार्डांमुळे. त्याचं मूळ मात्र बरंच जुनं. सिगारेटचं पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत, त्यावर पुढे चित्रं छापायला लागले. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६ मध्ये क्रिकेटपटूंचा संच काढला होता. मी बोलणार आहे ते मात्र १९८० च्या दशकाच्या अखेरच्या बडोद्याबद्दल, आमच्या दांडिया बाजाराबद्दल.

शाळा सुटली की दप्तर टाकून पोरं गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर. बबलगम तोंडात जायच्या आधी वेष्टन उघडून बघायचं, कोण निघालं? डबल निघालं की ओट्यावर अदलाबदल. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषांत घासाघीस चाले, आणि एकदा दिलेलं कार्ड परत मागायचं नाही हा नियम सगळ्यांना मान्य.

ट्रम्प कार्डांचा खेळ तुम्हाला आठवत असेल. सामने, धावा, सर्वोच्च धावसंख्या, बळी, झेल असे रकाने. आपण एक रकाना पुकारायचा, ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचं कार्ड घ्यायचं. साहजिकच गावसकर हातात असला की पोरगं ताठ बसे. दहा हजारांवर कसोटी धावा!

पण आमच्या गल्लीतला भाव या आकड्यांवर ठरत नसे. किरण मोरे बडोद्याचा. यष्टिरक्षकाचं कार्ड धावांत हरायचं, बळींत तर हरायचंच. तरी ते कोणी सहजी सोडत नसे. जानेवारी १९८८ च्या मद्रास कसोटीत नरेंद्र हिरवाणीने पदार्पणातच वेस्ट इंडीजचे सोळा बळी घेतले, हे सगळ्या देशाला पाठ होतं. त्याच सामन्यात मोरेने सहा जणांना यष्टिचीत केलं, त्यातले पाच एकाच डावात. हे आमच्याकडे लहान पोरंही सांगत. आमच्या संचात यष्टिचीतचा रकानाच नव्हता, याचा आम्हाला खरोखर राग यायचा.

त्या रागातूनच हजाऱ्यांचं कार्ड निघालं. संचात सगळे तेव्हाचे खेळाडू, बडोद्याकडून खेळलेले जुन्या काळचे फलंदाज विजय हजारे कुठून असणार? लग्नपत्रिकेचा जाड कागद कापला, वर्तमानपत्रातलं चित्र खळीने डकवलं. कसोटी ३०, धावा २१९२, सर्वोच्च नाबाद १६४. आता घरी केलेलं कार्ड खेळात चालणार का? मोठं भांडण झालं. शेवटी ठरलं की आकड्यांना एका मोठ्या माणसाची साक्ष हवी. एका मित्राचे आजोबा साक्षीला आले. आकडे वाचून म्हणाले, "बरोबर आहेत रे, पण खरा आकडा राहिलाच की!"

मग त्यांनी सांगितलं. मार्च १९४७, रणजी करंडकाची अंतिम लढत, आपल्या बडोद्यातच. समोर होळकरांचा संघ. हजारे २८८, गुल महंमद ३१९, दोघांची भागीदारी ५७७. बडोद्याचा डाव ७८४ वर संपला आणि होळकर संघ एक डाव आणि ४०९ धावांनी हरला. आजोबा तो सामना बघायला गेले होते. सांगताना त्यांनी चष्मा काढून ठेवला होता आणि आम्ही दहा-बारा पोरं गप्प बसून ऐकत होतो. पुस्तकात वाचून हे कळलं असतं, पण असं अंगात भिनलं नसतं. हजारे तेव्हा याच गावात राहत होते, याचंही आम्हाला त्या दिवशी नव्याने अप्रूप वाटलं.

कार्डावर एक रकाना वाढवला : भागीदारी ५७७. दुसऱ्या कुठल्याच कार्डावर तो रकाना नव्हता, म्हणून तो पुकारता येत नसे. तरी एका मुलाने त्या कार्डासाठी गावसकर आणि रिचर्ड्स दोन्ही देऊ केले. मिळालं नाही त्याला.

२००६ मध्ये कोलंबोत संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावांची भागीदारी केली आणि ५७७ चा विक्रम मोडला. त्या संध्याकाळी आमच्यातल्या एकाचा फोन आला, कार्ड दुरुस्त करायला हवं म्हणून. त्यांची भागीदारी तिसऱ्या गड्यासाठी होती, हजारे-गुल महंमद यांची चौथ्या. तेव्हा ५७७ च्या पुढे दोनच शब्द लिहिले : चौथा गडी.